फौजदारी नोंद आणि फौजेचे दार

माननीय संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली,
यांच्या सेवेशी,



१४ जून २०२२ रोजी आपल्या सरकारने चार वर्षांच्या सैन्यभरतीची अग्निपथ योजना जाहीर केली आणि त्यानंतर पाचच दिवसांनी, तिच्याविरुद्ध बिहारपासून सिकंदराबादपर्यंत उसळलेल्या दंगलीची धग पुरती निवलेली नसताना, लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी पत्रकारांसमोर असे निवेदन केले की, सैन्याचा पाया शिस्त हा असून तेथे जाळपोळीला व मोडतोडीला थारा नाही, प्रत्येक उमेदवाराला आपण अशा कृत्यांत सामील नव्हतो असे लिहून द्यावे लागेल, आणि पोलिसांच्या शंभर टक्के पडताळणीवाचून कोणासही प्रवेश मिळणार नाही. ज्याने रेल्वेचा डबा पेटवला त्याच्या हाती देशाने बंदूक देऊ नये, याविषयी माझे यत्किंचितही दुमत नाही. परंतु त्या निवेदनातून, आणि त्याही पूर्वीपासून गावोगावच्या भरतीत रूढ असलेल्या व्यवहारातून, 'जाळपोळ केली' आणि 'जाळपोळीच्या फिर्यादीत नाव आले' या दोन अत्यंत भिन्न गोष्टी एकाच दावणीला बांधल्या गेल्या आहेत; त्या सोडवून पाहाव्यात एवढ्यासाठी हे जाहीर पत्र आपणांस लिहिण्याचे धाडस करीत आहे.

हे पत्र मी सातारा जिल्ह्यातून लिहीत आहे. या जिल्ह्यातील अपशिंगे या गावाने पिढ्यानपिढ्या इतके शिपाई दिले की, त्याच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द लोकांनी कायमचा जोडून टाकला. आजही येथल्या डांबरी सडकांवर पहाटेच्या अंधारात सोळाशे मीटरचा सराव करणारी मुले दिसतात, आणि त्यांपैकी कोणाची छाती भरली, कोणाचे बीम कमी पडले, कोणाची लेखी परीक्षा निघाली याची चर्चा चहाच्या टपरीपासून देवळाच्या पारापर्यंत चाललेली असते. या चर्चेत एक वाक्य मात्र नेहमी आवाज खाली आणून उच्चारले जाते : 'त्याच्यावर केस आहे.' एवढे बोलून झाले की पुढे कोणी काही विचारीत नाही. मुलाचा विषय तेथे संपतो.

वस्तुतः तेथूनच प्रश्न विचारावयास सुरुवात झाली पाहिजे. केस म्हणजे काय? बांधावरून दोन भाऊबंदांत हातघाई झाली, एकाने पोलीस ठाण्यात जाऊन फिर्याद दिली, दुसऱ्याने ती पाहून उलट फिर्याद दिली, आणि दोन्हीकडच्या घरांतील सगळ्या पुरुषांची नावे, कॉलेजात जाणाऱ्या मुलांसकट, कागदावर चढली, तर ती केस. गणपतीच्या मिरवणुकीत वेळेची मर्यादा ओलांडली, ती केस. आरक्षणाच्या आंदोलनात रस्ता रोखला आणि पोलिसांनी चाळीस नावे व 'इतर दोनशे ते तीनशे इसम' असा मजकूर नोंदवला, ती केस. शांतताभंग होईल या नुसत्या संशयावरून मुचलका लिहून घेतला, ज्याला लोक 'चॅप्टर' म्हणतात आणि ज्यात अपराध घडल्याचा आरोपसुद्धा नसतो, तीही लोकांच्या लेखी केसच. आणि सुरा घेऊन कोणाला लुटले, मुलीवर हात टाकला, गांजाची पोती वाहिली, तर तीही केस. गुन्हा दाखल होणे, आरोपपत्र रुजू होणे आणि आरोप न्यायासनासमोर शाबीत होणे या तीन पायऱ्यांतील अंतर कायद्याने शतकभर कष्टाने जपले. पडताळणीच्या एका रकान्यात ते क्षणात पुसले जाते. केंद्रीय सेवांच्या साक्षांकन-पत्रात उमेदवाराला विचारले जाते की, तुम्हांस कधी अटक झाली आहे काय, तुमच्यावर खटला भरला गेला आहे काय, मुचलका घेतला आहे काय, दंड वा शिक्षा झाली आहे काय. आणि या सर्व प्रश्नांना एकच उत्तर शोभून दिसते असे मानण्याची आपल्या दफ्तराची सवय आहे.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि ती आपल्यासारख्या संसदपटूस ठाऊक नसेल असे नाही. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे कायदे करणाऱ्या सभासदाचे आसन सर्वसाधारणपणे तेव्हाच जाते जेव्हा न्यायालय त्याला दोषी ठरवून दोन वर्षे वा अधिक कैदेची शिक्षा देते. आणि तेव्हाही अपात्रतेला मुदत आहे, सुटकेनंतर सहा वर्षांची. नुसत्या आरोपाने काही बिघडत नाही. एकाच मोर्चाच्या अग्रभागी असलेला पुढारी विधानसभेत जाऊन बसतो आणि मोर्चाच्या शेपटाशी असलेला त्याच्याच गावचा पोरगा भरतीच्या मैदानावरून परत पाठवला जातो, हे दृश्य महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिले आहे. राज्य सरकार राजकीय व सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय वेळोवेळी काढते, हे खरे. पण निर्णय निघणे निराळे आणि सरकारी अभियोक्त्याने अर्ज करून न्यायालयाची संमती मिळवणे निराळे. तोवर पोराच्या मिशा पिकत नाहीत, परंतु त्याचे वय मात्र उलटते.

आणि वय हाच या प्रकरणाचा खरा गाभा आहे. अग्निवीरासाठी, म्हणजे अग्निपथ योजनेतून भरती होणाऱ्या शिपायासाठी, आरंभी साडेसतरा ते एकवीस अशी वयोमर्यादा ठरली. पहिल्या वर्षापुरती ती तेवीसपर्यंत वाढवली गेली. पुढे एखाद्या वर्षाची सवलत मिळाली असे धरले, तरी चारपाच वर्षांचीच ही खिडकी आहे. आता अठराव्या वर्षी कोणा मुलाचे नाव किरकोळ मारामारीच्या फिर्यादीत आले असे कल्पावे. तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरील खटला, साक्षीदार गैरहजर, पंच फितूर, वकील बदललेला, न्यायाधीशांची बदली झालेली, अशा तारखांमागून तारखांनी कसा तहकूब होत जातो हे ज्याने एकदा पाहिले आहे त्याला सांगावयास नको की, निर्दोष सुटकेचा हुकूम हाती पडेतो हा मुलगा चोविशीत किंवा पंचविशीत पोहोचलेला असतो. न्यायालय त्याला म्हणते, तू अपराधी नाहीस. भरती कार्यालय त्याला म्हणते, तू आता वयात बसत नाहीस. दोघेही आपापल्या परीने खरे बोलतात. पण कोणत्याही न्यायाधीशाने न फर्मावलेली शिक्षा त्याने पुरती भोगलेली असते. इतर देशांत जुन्या अपराधावर काळाचा पडदा पाडण्याची सोय आहे. ब्रिटनने १९७४ सालीच कायदा करून ठरवले की, किरकोळ शिक्षेनंतर ठरावीक वर्षे निर्वेधपणे गेली की ती नोंद सरली असे समजावे. तसला नियम जसाच्या तसा येथे आणून काय उपयोग? पाच वर्षे चांगले वागून दाखव असे ज्याला सांगावे त्याच्याजवळ पाच वर्षे नाहीतच.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाचा विचार केलेला नाही असे नव्हे. २०११ साली दिल्ली पोलिसांतील हेड कॉन्स्टेबलच्या जागेसाठी आलेल्या एका उमेदवाराचे प्रकरण त्याच्यापुढे आले. तडजोडीने मिटलेला मारामारीचा खटला या उमेदवाराने अर्जात लपवला होता. तेव्हा न्यायमूर्ती काटजू यांनी व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतील पाव चोरणाऱ्या जाँ व्हालजाँचे स्मरण करून, तरुण वयातील आगळिकीसाठी माणसावर जन्माचा शिक्का मारू नये असा अभिप्राय दिला. दोनच वर्षांनी दुसऱ्या एका खंडपीठाने, पोलीस दलाला चारित्र्याची कसोटी कडक ठेवण्याचा अधिकार आहे आणि नुसती सुटका म्हणजे निष्कलंकता नव्हे, असा कौल दिला. शेवटी २०१६च्या जुलैमध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात तीन न्यायमूर्तींनी या परस्परविरोधी निकालांचा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला. तरुणपणी घोषणा दिल्यासारखा क्षुल्लक अपराध असेल तर नेमणूक करणाऱ्याने तो लपवल्याबद्दलही क्षमा करावयास हरकत नाही, गंभीर अपराधाची शिक्षा असेल तर नेमणूक रद्द करता येईल, आणि प्रत्येक बाबतीत अपराधाचे स्वरूप पाहून विवेकाने निर्णय घ्यावा, असे त्यांनी सांगितले. शब्द उत्तम आहेत. अडचण इतकीच की, विवेक ही वस्तू ज्या टेबलावर वापरावयाची ते टेबल भरती कार्यालयातल्या कनिष्ठ अधिकाऱ्याचे असते, आणि नाकारल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारीत नाही, घेतल्याबद्दल मात्र विचारू शकते. लेखी नियम नसेल तेथे असा मनुष्य नेहमी नाकारण्याचाच विवेक दाखवील. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते.

याचा परिणाम सैन्याच्या दृष्टीने फार विपरीत होतो. १९५०च्या सेना अधिनियमातील ४४व्या कलमाने, भरतीच्या वेळी जाणूनबुजून खोटे उत्तर देणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे, आणि ती रास्तच आहे, कारण खोटे बोलणाऱ्या सोबत्याच्या भरवशावर सियाचीनवर कोण उभा राहील? पण ज्या व्यवस्थेत खरे सांगणारा निश्चितपणे बाद होतो आणि लपवणारा कदाचित निभावून जातो, ती व्यवस्था खोटेपणाला शिक्षा करीत नसून त्याचे प्रशिक्षण देत असते. गावातील जाणते लोक मुलाला काय सांगतात हे आपण कधी ऐकावे. पोलीस पाटलाला भेट, ठाण्यात कोणाची ओळख काढ, सरपंचाचा दाखला आणून ठेव, आणि अर्जात काही लिहू नकोस. सहा महिन्यांच्या आतला सरपंचाचा वर्तणुकीचा दाखला या देशात कसा मिळतो आणि कसा अडवला जातो, याविषयी मी अधिक लिहीत नाही. ज्याच्या घराने गेल्या निवडणुकीत दुसऱ्या पॅनेलचे काम केले त्याने ते सांगावे.

आता दुसरी बाजू, जिला मी कमी लेखत नाही. बराकीत चाळीस माणसे एका छपराखाली झोपतात, शस्त्रागाराच्या किल्ल्या कोणाच्या तरी कमरेला असतात, आणि परक्या मुलखात शिपायासमोर निःशस्त्र बायकामुले उभी असतात. अमेरिकेचा कायदा गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास सैन्यात घेण्यास मनाई करतो, पण योग्य प्रकरणी खात्याच्या मंत्र्याला अपवाद करण्याची मुभा देतो. इराकच्या युद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा ही मुभा सढळपणे वापरली गेली. २००६च्या मार्चमध्ये महमूदिया येथे एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिच्यासह तिच्या कुटुंबाची हत्या करणाऱ्या अमेरिकन शिपायांत एक जण असा होता की, त्याच्या जुन्या किरकोळ अपराधांकडे डोळेझाक करूनच त्याला भरती केलेले होते. हा एक दाखला कोणाही सहृदय माणसाला अपवादाचे दार कायमचे बंद करण्यास पुरेसा वाटेल. तथापि त्याच देशातील समाजशास्त्रज्ञांनी २००२ ते २००९ या काळात भरती झालेल्या सुमारे तेरा लाख सैनिकांच्या नोंदी तपासून २०१८ साली जो प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की, गंभीर अपराधाची नोंद असूनही पारखून घेतलेले शिपाई खराब कामगिरीमुळे इतरांपेक्षा अधिक प्रमाणात नोकरीबाहेर गेले नाहीत, उलट त्यांना बढत्या लवकर आणि अधिक वरच्या मिळाल्या. दोन्ही गोष्टी सत्य आहेत. त्यांतून मी इतकाच बोध घेतो की, माणसे कमी पडली म्हणून डोळे मिटून घेणे घातक आणि पारखून घेणे हितावह. म्हणजे प्रश्न दार उघडे की बंद हा नसून दारात बसलेला माणूस काय पाहतो हा आहे.

डोळे मिटून घेण्याची परमावधी रशियाने दाखवली. २०२२ साली भाडोत्री फौजेचा म्होरक्या प्रिगोझिन, जो स्वतः सोव्हिएत काळात दरोड्यासाठी वर्षानुवर्षे तुरुंगात होता, तुरुंगांच्या अंगणात उभा राहून कैद्यांना सांगू लागला की, सहा महिने युक्रेनमध्ये लढा आणि माफी घेऊन घरी जा. बाख्मुतच्या खंदकांत त्यांची काय गत झाली हे जगाने पाहिले, आणि जे माफी घेऊन परतले त्यांच्यापैकी काहींनी गावात पुन्हा खून पाडले. युक्रेननेही मे २०२४ मध्ये कैद्यांना आघाडीवर जाण्याची वाट कायद्याने खुली केली, जरी अत्यंत गंभीर अपराध त्यातून वगळले. आपल्या देशालाही हा प्रकार अपरिचित नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात हमाल, भंगी आणि मजूर कमी पडले तेव्हा इंग्रज सरकारने हिंदुस्थानच्या तुरुंगांतून हजारो कैदी शिक्षेत सूट देण्याच्या बोलीवर तिकडे धाडले होते. मला यांपैकी काहीही नको आहे. शिक्षेच्या बदल्यात सैन्य हा सौदा कैद्याचा अपमान करतो आणि शिपायाचा त्याहून अधिक. ज्या दिवशी न्यायाधीश 'तुरुंग की फौज' असा पर्याय देऊ लागतील त्या दिवशी अपशिंग्याच्या आया पोरांना भरतीला धाडणार नाहीत, आणि ते योग्यच होईल.

परंतु संशय हा सगळ्यांवर सारखा पडत नाही, हेही आपण विसरू नये. १८७१च्या कायद्याने या देशातील कित्येक जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या गेल्या. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, पण मुंबई राज्याने १९५९ साली सराईत गुन्हेगारांसाठी निराळा कायदा केला आणि ठाण्यांतील जुन्या सवयी नव्या दफ्तरात सुखाने नांदू लागल्या. तालुक्यात कोठे घरफोडी झाली की पारध्यांच्या पालावरची तरुण मुले प्रथम उचलली जातात, हे कोणत्याही फौजदाराने नाकारू नये. अशा मुलाच्या नावावर तीन 'संशयित' नोंदी असल्या तर त्या त्याच्या चारित्र्याविषयी सांगतात की आपल्या ठाण्याच्या चारित्र्याविषयी? कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी शंभर वर्षांपूर्वी या जमातींची ठाण्यातील हजेरी बंद केली आणि ज्या फासेपारध्यांना चोर म्हणून हाकलले जात होते त्यांना पहाऱ्यावर, स्वतःच्या आसपास, नेमले. त्या राजाला माणसे पारखता येत होती, एवढेच म्हणतो.

आपल्याच खुर्चीचा आणखी एक इतिहास आहे. नोव्हेंबर १९६२मध्ये, चीनने केलेल्या मानभंगाच्या त्या काळ्या दिवसांत, ज्या मराठी माणसास पंडित नेहरूंनी संरक्षण खाते सांभाळावयास बोलावले, ते यशवंतराव चव्हाण ऐन तारुण्यात, १९३२ साली, सत्याग्रहासाठी अठरा महिन्यांची शिक्षा झालेले आणि बेचाळीसच्या चळवळीत पुन्हा तुरुंग पाहिलेले गृहस्थ होते. सत्याग्रह आणि चोरी एक नव्हेत, हे मला कळते. परंतु साक्षांकन-पत्राला ते कळत नाही. त्याच्या लेखी दोघांचेही उत्तर 'होय' असेच असते.

म्हणून माझी मागणी मोघम दयेची नाही. सर्वप्रथम, कोणती नोंद सैन्यप्रवेशाच्या आड येते आणि कोणती येत नाही याची अपराधवार यादी आपल्या खात्याने प्रत्येक भरतीच्या अधिसूचनेसोबत प्रसिद्ध करावी, म्हणजे विवेकाचे ओझे कनिष्ठ अधिकाऱ्याच्या डोक्यावरून उतरेल. खून, दरोडा, स्त्रिया व बालकांवरील अत्याचार, अमली पदार्थांचा व्यापार, शस्त्रास्त्रांची चोरटी आयात, देशाविरुद्धची हेरगिरी यांत दोषी ठरलेल्यास कायमची मनाई असावी. त्यात मी तिळमात्र सवलत मागत नाही. उलट मुचलका, जमावबंदीचा भंग, तडजोडीने मिटलेली साधी मारामारी आणि निर्दोष सुटका यांचा विचारच होऊ नये. बाल न्याय कायद्याच्या २४व्या कलमाने, प्रौढ म्हणून ज्यांच्यावर खटला चालवला गेला ती मुले वगळता, बालवयातील नोंदीने पुढे कोणतीही अपात्रता येऊ नये असे ठरवलेच आहे. तेव्हा भरतीच्या अर्जात त्याविषयी विचारणेही थांबवावे. खटला प्रलंबित असल्याचे जो मुलगा अर्जात प्रामाणिकपणे लिहील आणि बाकी सर्व कसोट्यांना उतरेल, त्याची जागा राखून ठेवावी, आणि निर्दोष सुटला तर खटल्यात गेलेली वर्षे त्याच्या वयातून वजा धरावीत. नाकारावयाचे झाल्यास कारण लेखी द्यावे आणि त्यावर एक अपील असावे.

यात सैन्याला धोका किती? अग्निपथ योजनेनेच चार वर्षांची मुदत घातली आहे आणि तिच्या अखेरीस चारांतील एकासच कायम ठेवावयाचे आहे. चार वर्षे चोवीस तास नजरेखाली राहणाऱ्या तरुणाची याहून कडक परीक्षा कोणत्या पोलीस ठाण्याला घेता येईल? ही योजना चांगली की वाईट या वादात मी येथे शिरत नाही. पण ती आहे तोवर तिच्यातील हा एक गुण तरी वाया जाऊ नये.

यांपैकी बहुतेक गोष्टींसाठी नवा कायदा लागत नाही, संसदेची मंजुरी लागत नाही. आपल्या सहीचा एक हुकूम पुरेसा आहे. पुढील भरतीची अधिसूचना निघण्यापूर्वी तो हुकूम निघावा, अशी आपणांस आग्रहाची विनंती आहे.



आपला नम्र,
सातारा जिल्ह्यातील एक नागरिक